आधी टाकी, मग अँब्युलन्स

ऑगस्ट लागला की आमच्या सॉकरच्या मैदानावर, पश्चिमेकडच्या फाटकाशी, एक टाकी येऊन बसते. १५० गॅलनची, म्हणजे साधारण ५७० लिटरची. इथल्या शेतीसामानाच्या दुकानात गुरांना पाणी पाजायला मिळते तीच. आमच्याकडे तिचं काम एकच: उष्माघाताने कोसळलेल्या खेळाडूला बर्फाच्या पाण्यात बुडवणं. ती निम्मीच भरायची, कारण माणूस आत उतरला की पाणी काठापर्यंत येतं. वर ताडपत्री, शेजारी बर्फाच्या पेट्या, दोन चादरी, जाड टॉवेलांचा गठ्ठा. फाटक पश्चिमेचंच, कारण अँब्युलन्स थेट आत येऊ शकेल असं ते एकच आहे. सराव चालू असताना त्याला कुलूप लावत नाहीत.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका राज्यात, डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या स्तरावर, खेळणाऱ्या विद्यापीठाच्या पुरुष सॉकर संघाची मी अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे. जिममध्ये व्यायाम करून घेणारा ट्रेनर वेगळा. आमचं काम दुखापत ओळखणं, प्रथमोपचार, पुनर्वसन, आणि संघाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कोण मैदानात उतरेल हे ठरवणं. वैद्यकीय बाबतीत आमचा शब्द अखेरचा, कोचला तो फिरवता येत नाही, असा एनसीएएचा, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संघटनेचा, नियमच आहे. पुढे जे घडलं त्यात या नियमाचा फार उपयोग झाला.

बर्फाचा हिशोब आधी सांगते, कारण बहुतेक ठिकाणी घोडं तिथेच अडतं. उन्हाळ्यात नळाचं पाणी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास येतं. असं ३०० लिटर पाणी १० अंशांवर आणायला ५५ ते ६० किलो बर्फ लागतो. दोन-चार पिशव्या ओतून पाणी गार झाल्यासारखं वाटतं, पण होत नाही. आम्ही अर्धा बर्फ सराव सुरू होताना टाकतो आणि अर्धा पेट्यांत राखून ठेवतो. संध्याकाळी हे सगळं न वापरता ओतून द्यायचं. रोज. बघणाऱ्याला ती उधळपट्टी वाटते, आणि मैदानाच्या देखभालीचा खर्च सांभाळणाऱ्यांशी यावरून दर वर्षी बोलणं होतं. मी त्यात एक लिटरही कमी करू देत नाही.

आमचा एक खेळाडू कोसळला त्या दिवशी सकाळी साडेनऊला वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर, म्हणजे ऊन आणि दमटपणा धरून अंगाला बसणारी उष्णता, २९.४ अंश होतं. हा आकडा हवामानाच्या अॅपमधला नव्हे. ओल्या वातीचा तापमापक, काळा गोळा आणि साधा तापमापक अशा तिघांची वाचनं मिळून तो होतो. ओल्या वातीला ७० टक्के वजन, गोळ्याला २०, साध्याला १०. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून ओल्या वातीचं वजन सर्वांत जास्त. तो मैदानावरच मोजायचा, दर अर्ध्या तासाने. आमच्या तक्त्याप्रमाणे ३०.६ ओलांडलं की सराव दोन तासांच्या आत आटोपायचा आणि तासाला चार विश्रांती द्यायच्या, ३२.२ ला एक तास, तोही धावण्याचा वेगळा व्यायाम न घेता, ३३.३ च्या वर मैदान बंद. म्हणजे २९.४ ला सराव नियमात बसत होता. उष्माघात फक्त ‘मैदान बंद’च्या दिवशी होतो, असं धरून चालू नये.

सॉकरबद्दल एक गैरसमज इथल्या क्रीडा विभागांतही आहे. अमेरिकन फुटबॉलची मुलं हेल्मेट आणि पॅड घालतात म्हणून उष्णतेची धास्ती त्यांच्यासाठी. सॉकरवाले तर चड्डी-बनियनवर. पण मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात १०-१२ किलोमीटर धावतो, आणि सरावातले काही प्रकार सामन्यापेक्षा कठीण असतात. त्या सकाळी चौघांविरुद्ध चौघे असा खेळ चालला होता, ३० बाय २० मीटरच्या चौकटीत, चार-चार मिनिटांच्या फेऱ्या. चेंडू बाहेर गेला की कोच लगेच दुसरा आत टाकतो. थ्रो-इन नाही, कॉर्नर नाही, दम घ्यायला निमित्त नाही.

उजव्या बगलेचा बचावपटू. वय २०, उत्तर युरोपातून नुकताच आलेला, या हवेची सवय नसलेला. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. त्यात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. त्याचे तेवढे दिवस झाले नव्हते, म्हणून त्याच्या फेऱ्या कमी ठेवल्या होत्या. तिसऱ्या फेरीत त्याने सोपा पास भलत्याच बाजूला मारला. पुढच्या पासला तो सहकाऱ्यावर खेकसला. एरवी शांत असलेला मुलगा. थकलेला खेळाडू गप्प होतो, हळू होतो. विनाकारण चिडणारा, वाकडा पळणारा खेळाडू दिसला की मी घड्याळाकडे बघते. १०:४१ ला तो गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला.

कोसळलेल्या खेळाडूपाशी पहिले प्रश्न उष्णतेचे नसतात. श्वास आहे का, नाडी आहे का. एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, उघडून बाजूला. डोकं आपटलं का? रक्तपेशींच्या सिकल सेल या आनुवंशिक दोषाचा अंश आहे का? डिव्हिजन वनमध्ये प्रत्येक खेळाडूची त्याबाबतची नोंद सरावाआधी लागतेच, आणि त्याची निगेटिव्ह होती. सिकल सेलच्या त्रासात मुलगा पाय गेल्यासारखा खाली बसतो, पण सुरुवातीला शुद्धीवर असतो, नीट बोलतो. हा बोलत होता, पण आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नव्हतं. अंग घामाने निथळत होतं. कोरड्या, तापलेल्या कातडीची खूण घरात बसलेल्या वृद्धांच्या उष्माघाताची. धावता धावता कोसळलेल्याचं अंग बहुतेकदा ओलंच असतं, आणि त्या घामामुळे भले भले फसतात.

मग तापमान. काखेत, तोंडात, कानात, कपाळावर, यातलं काहीही इथे चालत नाही. गार पाणी प्यायलेलं तोंड आणि वारा लागलेलं कपाळ दोन-दोन अंश कमी दाखवतं. गुदाशयातलं तापमान हेच खरं, आणि त्यासाठी लवचिक वायरचा प्रोब साधारण १५ सेंटिमीटर आत घालून तसाच ठेवायचा, म्हणजे पाण्यातही आकडा दिसत राहतो. याला लोक लाजतात, म्हणून हंगामाच्या पहिल्या बैठकीत मी मुलांना प्रोब दाखवते, का लागतो ते सांगते, संमतीच्या कागदावर सह्या घेते. त्या दिवशी चार जण आपोआप पाठ करून, टॉवेल धरून उभे राहिले. १०:४४ ला आकडा आला: ४१.७. ४०.५ च्या वर तापमान आणि मेंदूचा गोंधळ, दोन्ही एकत्र असलं की निदान झालं. शंकेला जागा नाही.

सहायक ट्रेनरने ९११ ला फोन केला, एका मुलाला फाटकावर उभं केलं. बाकीचा बर्फ टाकीत गेला. बूट आणि शिनगार्ड काढले. कपड्यांवर एक सेकंदही घालवला नाही. उचलायला सहा जण. १०:४७ ला तो छातीपर्यंत पाण्यात होता. काखांखालून चादर घेऊन तिची दोन टोकं मागून दोघांनी धरली, डोकं पाण्याबाहेर राहावं म्हणून. कपाळावर बर्फात बुडवलेला टॉवेल, दर मिनिटाला बदललेला. आणि एक माणूस फक्त पाणी ढवळायला. हे काम किरकोळ समजून सोडलं जातं, पण अर्धं यश त्यात असतं. ७५ किलोच्या शरीरातून तीन अंशांची उष्णता निघाली तरी ३०० लिटर पाणी एका अंशानेही तापत नाही. तापतो तो कातडीलगतचा पातळ थर, आणि तो न हलवता ठेवला तर गरम कपडा घातल्यासारखा अंगाला चिकटून राहतो.

पहिल्या मिनिटांत तो हातपाय झाडत होता, स्वतःच्या भाषेत ओरडत होता. नवख्या माणसाला वाटतं की थंडीने त्रास होतोय, बाहेर काढा. काढायचं नाही. तो गोंधळ तापलेल्या मेंदूचा. एकदा उलटी झाली, तेव्हा मान कुशीवर वळवून तोंड साफ केलं. १०:५२ ला ४०.८.

१०:५३ ला अँब्युलन्स आली. पॅरामेडिक कामाचा माणूस, पण त्याचं शिक्षण असं की रुग्ण उचलायचा आणि निघायचं. रुग्णालय १५ मिनिटांवर. तिथे पोचून, नोंद होऊन, खोलीत जाईपर्यंत आणखी तेवढीच. गाडीत काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवता येतात, पण त्याने एक अंश उतरायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. टाकीत तोच अंश पाच मिनिटांत उतरतो. कोसळल्यापासून ३० मिनिटांत तापमान ३९ च्या खाली आणलं तर माणूस वाचतो, अवयवही वाचतात. त्यापुढचं प्रत्येक मिनिट यकृत, मूत्रपिंड आणि मेंदू यांच्या हिशोबातून जातं. म्हणून ‘आधी थंड करणं, मग नेणं’ हे जुलैमध्येच अँब्युलन्स सेवेच्या वैद्यकीय संचालकांशी बोलून एका पानावर लिहून घेतलं होतं. ते पान टाकीच्या शेजारी प्लॅस्टिकमध्ये टांगलेलं असतं. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. त्याने वाचलं, मान हलवली आणि बाह्या वर करून चादरीचं एक टोक स्वतः धरलं. मैदानावर वाद घालायला वेळ नसतो. तो उन्हाळ्यात, टेबलावर घालून घ्यावा.

यामागे बऱ्याच मुलांचे जीव आहेत. २९ मे २०१८ रोजी मेरीलँड विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल खेळाडू जॉर्डन मॅकनेअर सरावात कोसळला. त्याला गार पाण्यात बुडवलं गेलं नाही. १३ जूनला, १९ व्या वर्षी तो गेला. उलट बाजूला मॅसॅच्युसेट्समधल्या फालमथच्या शर्यतीचा अभ्यास आहे: १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ धावपटू, सगळ्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बुडवलं, सगळे जगले. हा आजार शंभर टक्के वाचवता येण्यासारखा आहे. म्हणूनच त्याने कुणी दगावलं की मला सहन होत नाही.

१०:५७ ला ३९.७, आणि त्याने माझं नाव घेतलं. ११:०१ ला ३८.९, लगेच बाहेर. ३७ ची वाट बघायची नाही, कारण बाहेर काढल्यावरही तापमान उतरत राहतं आणि जास्त वेळ ठेवलं तर पलीकडच्या टोकाला जातं. बोटातून घेतलेल्या रक्तातलं साखरेचं प्रमाण ठीक होतं. कोरडा करून, चादर पांघरून गाडीत. प्रोब तसाच.

आपल्याकडे मे महिन्यातल्या शिबिरांत अशी टाकी कुठून आणायची, असं मला विचारतात. टाकी नसली तर ताडपत्री चालते. खेळाडू मधोमध झोपवायचा, कडा धरून सहा जणांनी ती होडीसारखी उचलायची, आत ८० ते १५० लिटर बर्फाचं पाणी ओतायचं आणि सतत हलवत राहायचं. लादीचा बर्फ असेल तर आधीच फोडून ठेवावा. अख्खी लादी वेळेवर कामाची नाही. वेग टाकीपेक्षा थोडा कमी, पण जीव वाचवायला पुरेसा.

रुग्णालयात रक्त तपासलं: स्नायूंना इजा झाली की वाढणारं सीके, यकृताची एन्झाइम्स, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, सोडियम. सीके आणि यकृताचे आकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतात, म्हणून पहिल्या दिवशी सगळं नीट दिसलं तरी घरी सोडून विसरायचं नसतं. त्याचेही चढले, मग उतरले.

संध्याकाळी त्याच्याशी बोलताना बाकीचं कळलं. दोन दिवस पोट बिघडलं होतं. आणि वेळेच्या फरकाने झोप येत नव्हती म्हणून तो औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी झोपेची गोळी घेत होता. तिच्यात डायफेनहायड्रॅमिन असतं. हे सर्दी-अॅलर्जीचंच औषध. त्याने घाम कमी येतो. कमी पाणी, कमी घाम, न सरावलेलं शरीर, आणि न थांबणारा खेळ. एकेकटं काहीच जीवघेणं नव्हतं.

त्याने सांगितलं का नाही, याचं कारण मैदानाबाहेरचं आहे. २०२५-२६ पासून कॉलेज खेळाडूंना पैसे देण्यावरून झालेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना पुरुष सॉकरमध्ये २८ खेळाडूंची मर्यादा आहे. आधी मर्यादा शिष्यवृत्त्यांवर होती, ९.९, आणि त्या वाटून देता येत. संघात मुलं कितीही चालत. आता पहिल्या सामन्याआधी यादी २८ वर आणायची असते, आणि ऑगस्टमध्ये प्रत्येक मुलगा स्वतःला २९ वा समजतो. त्यात रोज सकाळी भरायच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘आज कसं वाटतंय, १ ते १०’, आणि तो फॉर्म कोचच्या टॅबवरही उघडत असे. सगळे ८ किंवा ९ लिहीत.

तो फॉर्म आम्ही त्याच आठवड्यात बदलला. आता विचारतो: गेल्या २४ तासांत जुलाब किंवा उलटी किती वेळा, ताप आला का, झोप किती तास, कुठली गोळी घेतली, दुकानातून आणलेलीसुद्धा. उत्तरं फक्त वैद्यकीय चमूला दिसतात. कोचला दिसतं ते एवढंच: पूर्ण सराव, अर्धा सराव, किंवा आज नाही. मुख्य कोचने हे स्वतः मुलांसमोर जाहीर केलं, आणि हा मुलगा २८ मध्ये आहे हेही त्याच बैठकीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार जणांनी पोटाच्या तक्रारी लिहिल्या.

परतीचा रस्ता लांब असतो. किमान सात दिवस कसलाही व्यायाम नाही. मग रक्ताचे आकडे पूर्ववत झाल्यावर एसीत हलकी सायकल, मग धावणं, मग उन्हात थोडं. त्यानंतर उष्णता सहन होते का याची चाचणी: ४० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेच्या खोलीत, ताशी ५ किलोमीटरने, दोन टक्के चढावर दोन तास चालायचं. तापमान ३८.५ च्या आत स्थिरावलं पाहिजे, नाडी १५० च्या आत. त्याची दोन्ही राहिली. ऑक्टोबरात तो खेळायला उभा राहिला तेव्हा कॉलेज सॉकरचा एक नियम कामी आला: दुसऱ्या अर्धात बाहेर गेलेला खेळाडू एकदा परत येऊ शकतो. त्याला ४६ व्या मिनिटाला उतरवलं, ६० व्या मिनिटाला काढून मानेवर गार टॉवेल ठेवला, तापमान आणि नाडी पाहिली, आणि ७४ व्या मिनिटाला परत पाठवलं. सामना बरोबरीत सुटला.