सुट्टीच्या दिवशीचा कॉल

डायलिसिसच्या पाण्याचं काम करणाऱ्याला सुट्टी कॅलेंडरात दिसते, हाताला लागत नाही. दोन मार्च, अद्वाच्या विजयाचा दिवस : 1896 मध्ये इथिओपियानं इटलीला हरवलं, त्याची सुट्टी. अख्खं अदिस अबाबा बंद आणि सकाळी मला फोन : आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करणारं यंत्र, सारखा ट्रिप होतोय, पहिल्या शिफ्टचे पेशंट येऊन बसलेत, तीनपर्यंत पोचा. तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. इथले तास उजाडल्यापासून मोजतात. एका पेशंटला चार तासांत साधारण 120 लिटर शुद्ध पाणी लागतं. उद्या बघू म्हणायची सोयच नाही.

हॉस्पिटल पियासा या जुन्या भागाच्या पलीकडे. अद्वा जिंकणाऱ्या सम्राट मेनेलिकचा घोड्यावरचा पुतळा तिथेच, सेंट जॉर्जचं अष्टकोनी चर्च तिथेच, 2024 मध्ये उघडलेलं अद्वा स्मारकही तिथेच. म्हणजे गावभरची गर्दी नेमकी माझ्या वाटेत. टॅक्सीवाल्यानं चर्चिल रोडच्या चढापाशी उतरवलं आणि हात वर केले.

खांद्यावर टूलबॅग घेऊन चढायला लागलो. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका, हिरवे-पिवळे-लाल झेंडे, डोक्याला सिंहाच्या आयाळीचे टोप घातलेले गडी, सजवलेले घोडे. मधूनच एखादा पुढे येऊन भाला नाचवत पूर्वजांच्या पराक्रमाची आरोळी ठोकायचा आणि बाकीचे त्याला साथ द्यायचे. आपल्याकडे मिरवणुकीतल्या ढाली-तलवारी बऱ्याचदा भाड्यानं आणलेल्या असतात. इथे एका म्हाताऱ्याची ढाल मी अगदी जवळून पाहिली. कातडं वाळून वाकडं झालेलं, कड उंदरानं कुरतडलेली, आतल्या मुठीला नवा नायलॉनचा दोर. माळ्यावरून काढून आणलेली असणार.

बॅरिकेडपाशी पोलिसांनी बॅग उघडली. वायरचे तुकडे, मल्टिमीटर, कॉन्टॅक्टर, प्रेशर गेज. राष्ट्रीय सणाच्या गर्दीत असली बॅग घेऊन निघालेला परदेशी माणूस पाहून मीसुद्धा मला सोडलं नसतं. हॉस्पिटलचं पत्र दाखवलं, ते तिघांनी वाचलं, चौथ्याला बोलावलं. चौथा वयानं मोठा. ‘हिंद?’ मी मान हलवली. ‘मला फिजिक्स हिंदुस्थानी मास्तरांनी शिकवलं,’ म्हणाला आणि बॅगेची चेन स्वतः लावून दिली. सम्राट हैले सेलासीच्या काळापासून आपले शिक्षक इथल्या शाळाशाळांत होते. त्यांच्या पुण्याईवर आमची बरीच कामं होतात.

युनिटमध्ये पोचलो तर सिस्टरनी मायक्रॉन फिल्टर आधीच बदलून पाहिला होता. हुशार बाई. पण दोष तिथे नव्हताच. टाकीकडचा बूस्टर पंप उचलत नव्हता, त्यामुळे आरओला पुरेसं प्रेशर मिळत नव्हतं आणि लो-प्रेशर स्विच आपलं काम करून सगळं बंद पाडत होता. पॅनेल उघडलं तेव्हाच वासावरून कळलं : कॉन्टॅक्टरची, म्हणजे पंपाला वीज जोडणाऱ्या स्विचची, कॉइल जळाली होती. मेन बंद केली, टर्मिनलना टेपचे नंबर लावले आणि जुना काढायला घेतला.

प्लँटरूमचं दार उघडंच होतं. दारापाशी खुर्ची टाकून एक वयस्कर पेशंट बसले होते, निवृत्त इतिहासशिक्षक. सगळे त्यांना आदरानं ‘गाशे’ म्हणत. इंग्रजी उत्तम.

‘पाणी तोडलं की काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे,’ ते म्हणाले. ‘मेनेलिकच्या महाराणी तायतूनं मेकेलेला तेच केलं.’

जानेवारी 1896. इटालियन मेकेलेच्या किल्ल्यात, तोफा रोखून बसलेले. त्यांचा झरा बाहेर होता. तायतूच्या सल्ल्यानं तो ताब्यात घेतला आणि तहानेनं किल्ला पडला. मेनेलिकनं त्यांना जिवंत जाऊ दिलं. पुढे 1 मार्चला अद्वा. जनरल बाराटिएरीचे सतरा हजारांवर सैनिक, 56 तोफा, रात्रीतून चालून आलेल्या चार ब्रिगेड. नकाशात टेकडी चुकली, अल्बर्टोनेची ब्रिगेड भलतीकडे पुढे गेली आणि चारी तुकड्या एकमेकींपासून तुटल्या. समोर मेनेलिकची लाखाच्या घरातली फौज. इटलीचे दोन सेनानी मेले, एक पकडला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इटलीनं करार करून इथिओपियाचं स्वातंत्र्य मान्य केलं. गाशे हे सगळं सांगत होते ते आजोबांच्या वडिलांच्या बंदुकीसकट, ती कुणाकडून घेतली, नंतर कोणत्या चुलत्यानं विकली यासकट. माझा पाना हातातच राहिला.

‘तुम्ही कुठले?’

‘पुणे. मुंबईजवळ.’

‘मुंबई!’ ते पुढे सरकले. ‘नेपियर मुंबईहूनच आला होता.’

ते खरंच होतं. 1868 मध्ये सम्राट तेवोद्रोसच्या मगदला किल्ल्यावर नेपियरनं आणलेली इंग्रजांची फौज मुख्यतः मुंबई इलाख्याची, बरोबर 44 हत्ती. तेवोद्रोसनं स्वतःला संपवलं आणि मगदलाची लूट हत्तींवर लादून नेली. तोफा ओढणारे, रस्ते बांधणारे हात आपल्याकडचे होते. मी म्हटलं, ‘1941 मध्ये बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअर तुकडीचे प्रेमिंद्र सिंग भगतही आले होते. सुदानच्या सीमेवर मेतेम्माच्या बाजूला चार दिवस इटालियनांचे सुरुंग काढत होते, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.’ गाशेंनी विचार केला. ‘तो हिशेब वेगळा लिहू,’ म्हणाले. मगदला काही त्यांनी खोडला नाही. मला त्यांचं म्हणणं पटलं.

नवा कॉन्टॅक्टर बसवला. खट्ट करून ओढला, पंप उचलला, गेजचा काटा वर सरकला. आरओ चालू केला, कंडक्टिव्हिटी उतरेपर्यंत पाणी गटारात सोडलं, क्लोरीन तपासलं आणि मग सिस्टरना लाइन घ्यायला सांगितलं. कुणीतरी कॉफी आणून दिली. गाशेंना मशीनवर घेताना त्यांनी विचारलंच, ‘तुम्ही कधी हरवलं का इंग्रजांना?’

‘हरवलं की. 1779 मध्ये, वडगावला, माझ्या घरापासून तासाभरावर. मराठ्यांनी घेरलं, रसद तोडली. इंग्रजांना तह करावा लागला.’

‘मग सुट्टी कधी असते?’

‘सुट्टी नसते. विजयस्तंभ आहे, महादजी शिंद्यांचा पुतळा आहे.’

‘आणि त्या दिवशी लोक काय करतात?’

‘कामाला जातात.’

गाशे अम्हारिकमध्ये काहीतरी बोलले आणि चारही मशीनवरचे पेशंट हसले. मी सिस्टरना विचारलं, काय म्हणाले? त्यांनी सर्व्हिस रिपोर्ट पुढे केला. ‘आधी सही करा. आणि सुट्टीचा दर लावायला विसरू नका.’