पाऊस-नोंद ॲप : आता दोन्ही मशीनवर सारखंच बिल्ड

पावसाच्या नोंदींचं माझं अँड्रॉइड ॲप आता घरच्या विंडोज डेस्कटॉपवर आणि उबुंटू लॅपटॉपवर विनातक्रार बिल्ड होतंय, म्हणजे कोडपासून चालणारं ॲप तयार होतंय. एकीकडे अर्धवट सोडलेलं काम दुसरीकडे तिथूनच पुढे नेता येतं, याचा आनंद फार मोठा आहे.

मधला दुवा म्हणून पेनड्राइव्हवर बेअर गिट रिपॉझिटरी (गिटने जपलेला कोडच्या बदलांचा नुसता इतिहास) ठेवली आहे. गावी नेट बेभरवशाचं, तरी पुश-पुल (बदल तिथे पाठवणं-आणणं) अडत नाही. पेनड्राइव्हची फाइल-व्यवस्था एक्सफॅट आहे आणि तिच्यात फाइलच्या मालकीची नोंद राहत नाही, म्हणून विंडोजवरचं गिट ‘ड्युबियस ओनरशिप’ (मालकी संशयास्पद) म्हणत अडून बसतं. ही तपासणी 2022 मध्ये सुरक्षेसाठी आली. गिटच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये ‘सेफ डिरेक्टरी’ या सेटिंगमध्ये रिपॉझिटरीचा पाथ घातला की काम सुरू. त्याऐवजी प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर क्लाउडवर सिंक करा, हा सल्ला मात्र मला पटत नाही. बिल्डच्या फाइली सतत बदलत असतात, आणि गिटचं अंतर्गत फोल्डर अर्धवट सिंक झालं तर इतिहासच धोक्यात येतो.

लोकल प्रॉपर्टीज फाइलमध्ये त्या-त्या मशीनवरचा एसडीकेचा (अँड्रॉइड ॲप बनवायच्या साधनांचा) पाथ असतो, ती कमिट करायची (गिटमध्ये नोंदवायची) नाही. ग्रेडल रॅपर (बिल्ड करणारं ग्रेडल ठरलेल्या आवृत्तीत चालवणारी स्क्रिप्ट) मात्र त्याच्या जार फाइलसकट कमिट करायचा. लिनक्सवर रॅपरची स्क्रिप्ट ‘परमिशन डिनाइड’ देते, कारण एक्झिक्युटेबल बिट (फाइल चालवायची परवानगी) विंडोजवरून आपोआप येत नाही. तो गिटच्या इंडेक्समध्येच (पुढच्या कमिटच्या तयारीत) लावून कमिट केला. त्या स्क्रिप्टसाठी गिट ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये एलएफ (ओळ संपल्याची लिनक्सची खूण) सक्तीचं केलं.

अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन 8 ला जेडीके 17 (जावाचा साधनसंच) लागतं. अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःसोबतचं जावा वापरतो, टर्मिनल ‘जावा होम’ या सेटिंगमध्ये दिलेलं. दोन्ही वेगळी असली तर ग्रेडलचे दोन डिमन (पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्रॅम) उभे राहतात आणि कमी रॅमचा लॅपटॉप गुदमरतो. दोन्हीकडे एकच जेडीके दिल्यावर लॅपटॉप मोकळा झाला.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट डीबग की-स्टोअरची, म्हणजे चाचणीच्या ॲपवर डिजिटल सही करणारी की ज्या फाइलीत असते तिची. प्रत्येक मशीन आपापली डीबग की तयार करतं. त्यामुळे डेस्कटॉपवरून टाकलेल्या ॲपवर लॅपटॉपचं बिल्ड बसत नाही, ‘अपडेट इनकम्पॅटिबल’ अशी एरर येते. नेटवर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच : आधीचं ॲप काढून टाका. पण ॲप काढलं की फोनमधला डेटाबेसही जातो, आणि माझ्या फोनमध्ये पावसाच्या खऱ्या नोंदी आहेत! म्हणून डेस्कटॉपची डीबग की प्रोजेक्टमध्येच ठेवून बिल्ड फाइलच्या सायनिंग कॉन्फिगमध्ये तिचा पाथ दिला. तिचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो, त्यामुळे ती गुप्त ठेवण्यासारखी नाहीच. रिलीज की (लोकांसाठीच्या ॲपवर सही करणारी) मात्र रिपॉझिटरीत कधीही ठेवू नये.

आता रूम या डेटाबेस लायब्ररीचे स्कीमा (डेटाबेसच्या रचनेचे आराखडे) एक्स्पोर्ट करून कमिट करायला घेतलेत, म्हणजे मायग्रेशनची (जुना डेटाबेस नव्या रचनेत नेण्याची) चाचणी दोन्हीकडे त्याच जुन्या आवृत्तीवरून चालेल.