तळं आटतं तेव्हा नक्की काय जातं?

ताईला रात्री अरल समुद्राचे (नावाला समुद्र, खरं तर मध्य आशियातलं मोठं तळंच) सॅटेलाइट फोटो पाठवले, निळा डाग वर्षावर्षाला आक्रसत जातो ते. तिचा रिप्लाय, "तू कधी गेलीयस का तिकडे?" नाही गेले. म्हणून वाईटही वाटायचं नाही का मला? हल्ली मनातलं कुणाला सांगावं असं माणूसच उरलं नाहीये, जाऊ दे.

१९६० च्या सुमारास ६८ हजार चौरस किलोमीटर पाणी होतं तिथे. त्याला पाणी देणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसाच्या शेतांकडे वळवल्या आणि ते आटत गेलं. पण पाणी तर नष्ट होत नाही ना, ते कापसात गेलं, हवेत गेलं, कुठेतरी पाऊस होऊन पडलंही असेल. मग गेलं ते काय? मला वाटतं पाणी एका जागी थांबायचं म्हणून माणसंही त्याच्या काठी थांबायची, ते थांबणं गेलं. मुयनाक या अरलकाठच्या बंदराच्या गावाचा किनारा लांब लांब गेला तरी तिथली डबाबंद मासळीची फॅक्टरी लगेच बंद नाही केली, दूरच्या समुद्रातले गोठवलेले मासे आणून चालवत राहिले. हे डोक्यातून जातच नाहीये. काम तेच, मशिनं तीच, दाराबाहेर नुसती वाळू.

बोलिव्हियातलं पोओपो नावाचं तळं २०१५ च्या शेवटी आटलं. उरु लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर जगले, आता त्यातले कितीतरी जण मिठाच्या कामाला नाहीतर खाणीत. वारा फिरला की मासा कुठे सरकतो हे ज्याला कळतं त्याने त्या कळण्याचं करायचं काय? थांबणं गेलं म्हणतेय ते हेच बहुतेक.

तळी तशीही कायमची नसतात, गाळ भरतो, दलदल होते, मग गवत. आणि अरलच्या कोरड्या तळाशी केरदेरीला मध्ययुगातली कबर सापडलीय! म्हणजे आधीही कधीतरी पाणी तिथून हटलं होतं, लोक राहिले होते, मग पाणी परत आलं. हे वाचल्यावर का कोण जाणे, जरा हलकं वाटलं. या वेळचं आपण केलंय ते वेगळं, त्याचा राग आहेच. पण २००५ मध्ये कोकअराल धरण झालं आणि उत्तरेकडच्या तुकड्यात पाणी चढलं, मासेमारी पुन्हा सुरू झाली. दक्षिणेकडे तसं काही नाही झालं. उत्तरेत जाळं टाकायला जे पुन्हा उतरले त्यांना ते आठवत होतं की नव्याने शिकावं लागलं, हे मला शोधायचंय.