तापमानाची नोंदवही : मे महिना, पीठ आणि ९० चा आकडा

मागच्या नोंदीत माझ्या तापणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल ‘उन्हाळा आहे, तापणारच’ असं लिहून मोकळा झालो होतो. ते शब्द मागे घेतो.

मशीन तेच. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्याच्यासोबत आलेलाच कूलर (पट्ट्या आणि पंखा), वर लिनक्स. दर दहा सेकंदांनी ‘सेन्सर्स’ या तापमान दाखवणाऱ्या कमांडचं आउटपुट फाइलमध्ये जातं. प्रोसेसरसाठी टीसीटीएलचा, म्हणजे प्रोसेसर स्वतः सांगतो तो तापमानाचा आकडा धरतो. मदरबोर्डचे ऑक्सटिन वगैरे जादा तापमान-आकडे सोडून देतो; त्यातला एक बारा महिने १२७ अंश दाखवतो, कारण त्या पिनला सेन्सरच नाही.

फेब्रुवारीपासून खोलीचंही तापमान घेतोय, रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जोडून. पहिलंच वाचन ८५ अंश! नाशिक तापतं, पण इतकं नाही. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत हा सेन्सर ८५च सांगतो, तेवढं वाचन टाकून द्यायचं. दुसरी चूक मात्र माझी. सेन्सर कॅबिनेटच्या मागे चिकटवला होता, म्हणजे बाहेर फेकलेली गरम हवाच मोजत बसलो होतो. आता तो पुढच्या जाळीसमोर वीतभर अंतरावर लोंबतोय.

आकडे होते, वजाबाकी केली नव्हती. ती परवा केली.

फेब्रुवारीत खोली २४, दहा मिनिटं प्रोसेसरचे सगळे कोअर (गाभे) पूर्ण ताकदीने पळवल्यावर प्रोसेसर ७४. फरक ५०. एप्रिलअखेर भर दुपारी खोली ३६, प्रोसेसर ९०. फरक ५४. दोष नुसत्या उन्हाचा असता, तर गडी ८६ च्या आसपास थांबला असता. आणि खरी गोम पुढेच आहे. ९० ही या प्रोसेसरची कमाल मर्यादा. तिथे टेकला की तो आपणहून वेग उतरवतो आणि आकडा ९० ला चिकटून राहतो. म्हणजे ५४ हासुद्धा दाबलेलाच फरक. क्लॉकचा, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाचा रकाना उघडला, तर ४.२ गिगाहर्ट्झवरून ३.८ वर आलेला. भरून वाहणाऱ्या बादलीची पातळी मोजून नळाला धार किती ते कसं कळणार?

झाकण काढलं. टॉर्च मारला तर कूलरच्या पट्ट्यांमध्ये करडा-पांढरा थर, नमद्यासारखा घट्ट. बोटांत चोळला. पीठ! आम्ही पंचवटीत राहतो, आणि खिडकीखालीच पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्या काकांना सांगितलं तर म्हणाले, “बाजरी असेल रे, ती फार उडते.”

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) मुद्दाम बदलली नाही. दोन गोष्टी एकदम केल्या, तर गुण कुणाचा ते कळत नाही. कूलर जागेवरच ठेवला, पंखा बोटाने धरून ठेवला आणि रंगाच्या अर्ध्या इंची ब्रशने फटी साफ केल्या. वीसेक मिनिटं गेली. टेबलावर चमचाभर पीठ जमलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच चाचणी. खोली ३६, प्रोसेसर ८४, क्लॉक पुन्हा ४.२. फरक ४८. फेब्रुवारीपेक्षाही दोनने कमी, म्हणजे ज्याला मी ‘निरोगी’ आकडा समजत होतो, तेव्हाही पोटात पीठ होतंच.

आई म्हणाली, “मग कापड झाक ना त्याच्यावर.” आई, नको. पण पुढच्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवलाय. हवा थोडी अडतेच : आजचा फरक ४९.