शेपटी कुठे कापावी

रविवारी पहाटे गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला, जायचं ठरलं की शनिवारी रात्री आमच्याकडे जेवणं लवकर आटपतात. ताटं उचलली गेली की मी टेबलावर जुना पेपर अंथरतो आणि त्यावर गांडुळं मांडतो. प्लास्टिकची. काही जांभळी, काही शेवाळी, एकदोन दुधट रंगाची, आत चमकी असलेली. शेजारी लायटर, बारीक खिळे, पेलाभर गरम पाणी आणि बायकोची नखं कापायची छोटी कात्री. ही कात्री रीतसर मागून घेतलेली नसते.

"माणसं शनिवारी रात्री नाटकाला जातात," ती म्हणते. मी गांडूळ सरळ करण्यात गुंतलेला असतो.

सरळ करावंच लागतं. पाकिटात दबून त्याला बाक येतो आणि वाकडं गांडूळ पाण्यात ओढलं की भिंगरीसारखं फिरतं, दोरीला पीळ बसतो. म्हणून गरम पाण्यात थोडा वेळ धरायचं, बोटांनी सुतासारखं सरळ करायचं आणि लगेच गार पाण्यात टाकायचं. गरम पाण्यातून निघालेलं ते लिबलिबीत प्रकरण बोटांवर लोंबत असतं तेव्हा आमच्या घरात कुणी माझ्याकडे बघत नाही.

ही गांडुळं माझा चुलतभाऊ टेक्सासहून घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी चवथीला आला तेव्हा सगळ्यांना चॉकलेटं आणि मला ही पाकिटं. तिकडच्या तळ्यांत बास नावाचा मासा असतो आणि त्याच्यापायी माणसं घरदार विसरतात म्हणे. प्लास्टिकचं गांडूळ निघालं तेही या माशासाठीच. १९४९ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन या टायरच्या कारखान्यांच्या गावात निक क्रीम नावाचा एक मशिनिस्ट आणि त्याची बायको कॉस्मा यांनी घरच्या स्वयंपाकघरात शेगडीवर प्लास्टिक वितळवून, साच्यात ओतून ते केलं. बघ, त्याची बायकोसुद्धा हाताशी होती, असं मी मोठ्या आशेने सांगितलं.

"मग त्या दिवशी जेवायला काय होतं?" हिने विचारलं.

पाकिटातलं गांडूळ जसंच्या तसं गरीला लावणारा माणूस माझ्या चुलतभावाच्या मते आळशी. त्याने मला तासभर शिकवणी दिली. डोक्यात खिळा खुपसायचा, म्हणजे गांडूळ डोक्यावर उभं राहतं आणि शेपटी वर वळवळते. गरीचं टोक बाहेर ठेवायचं नाही, गांडुळाच्याच अंगात लपवायचं, म्हणजे ते गवतात अडकत नाही. या पद्धतीला टेक्सासचंच नाव आहे, त्यामुळे ती सांगताना त्याचा आवाज जरा चढला होता. आपल्याकडे गवत नसलं तरी खारफुटीची मुळं आहेत आणि दगडांना चिकटलेली कालवं आहेत. ही युक्ती मला पटली.

फाटलेलं गांडूळ टाकून द्यायचं नाही, हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. फाटलेल्या दोन्ही कडांवरून लायटर ओझरता फिरवायचा. कडा चकाकायला लागल्या, ओल्या दिसल्या, की चटकन एकमेकींना चिकटवून दहा मोजायचे. ज्योत क्षणभर जास्त टेकली तर काळा धूर निघतो आणि घरभर असा वास सुटतो की सासूबाई आतून विचारतात, "वायर जळली का रे?" जमलं तर सांधा शोधून सापडत नाही. एका जांभळ्या गांडुळाला मी चार वेळा जोडलंय. ते आता मूळच्यापेक्षा आखूड आणि जाड झालंय, माझ्यासारखंच, आणि त्याला पाण्यात घालायचा मला धीर होत नाही.

रंगाचा प्रयोग माझा स्वतःचा. तिकडे शेपटीचं टोक पिवळ्याजर्द रंगात बुडवतात. त्या रंगाची बाटली इथे कुठून आणायची? पण हळदीने डबे पिवळे होतात ते काय प्लास्टिकचे नसतात? गरम तेलात हळद कालवून दुधट गांडुळाची शेपटी रात्रभर बुडवली. सकाळी ती साक्षात देवघरातली झेंडू. नऊच्या उन्हात तासाभराने बघतो तर पुन्हा दुधट. हळद उन्हाला टिकत नाही, हे पापड वाळवणाऱ्या कुणीही मला आधी सांगितलं असतं. लसणाचा वासही लावतात म्हणे तिकडे. आमच्याकडे माशाला लसूण लावतात तो पकडून झाल्यावर.

एका चुकीची किंमत मात्र मोजली. सगळी गांडुळं मी स्वयंपाकघरातल्या एका चांगल्या डब्यात भरून ठेवली होती. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात, ते काही जातींच्या कडक प्लास्टिकला खातं. पंधरा दिवसांनी डबा उघडला तर गांडुळं तळाशी वितळून डब्याशी एकजीव झालेली. तो डबा कुणाच्या लग्नातल्या आहेराचा होता, हे मला नव्याने कळलं.

आता, आपल्याकडे तो बास नाही. हॉटेलवाले सी बास म्हणून जो मासा वाढतात तो आपला चोणक, रायगडकडचा जिताडा. त्याचं अमेरिकेतल्या त्या तळ्यातल्या माशाशी नातं नावापुरतंच. चोणक खाडीत, नदीत वाढतो, अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे जातो, आणि जन्मतो नर, मोठा झाला की मादी होतो. बाजारात ज्या धिप्पाड चोणकाच्या तुकड्या आपण मिटक्या मारत खातो ती बहुधा बाईच असते. गांडूळ तिने जन्मात पाहिलेलं नसतं. ती खाते सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि शेवटे नावाचे छोटे मासे. म्हणजे परक्या माशासाठी परक्या देशात केलेली वस्तू मी कापून, टोचून, जाळून आपल्या माशाच्या गळी उतरवायला बघतो. चोणकाला काय आवडेल याचा मी जितका विचार केलाय तितका घरातल्या कुणाचा केला नसेल, हे हिचं म्हणणं.

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीत स्कूटर घालून मी दिवाडी बेटावर जातो. तिथे खाजनाच्या, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल शेतांच्या, बांधावर एक मानस आहे, पाणी अडवणारी-सोडणारी लाकडी झडप. भरतीला तिच्या फळ्या पाण्याच्या दाबानेच मिटतात, ओहोटीला उघडतात आणि खाजनातलं पाणी सुंगटांसकट नदीत पडतं. चोणक बाहेर टपून असतो. मानशीतल्या मासळीचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, गेलेला असतो, म्हणून मी तिथल्या काकांना विचारून नदीच्या अंगाला जरा लांब उभा राहतो. त्यांनी पहिल्या दिवशी माझं गांडूळ दोन बोटांत धरून उचललं.

"हें कोण खातलो?"

गेल्या रविवारी उधाणाचं पाणी होतं, ओहोटी जोरात. मी आदल्या रात्री बेतलेलं शेवाळी गांडूळ लावलं. चुलतभावाच्या नियमाप्रमाणे ते डोक्याकडून इंचभर कापलेलं. शेपटीला हात लावायचा नाही, वळवळते ती शेपटीच, हे त्याने तीनदा बजावलेलं. तिसऱ्याच फेकीला दोरीत किंचित टिचकी आली. वर काढलं तर शेपटी गायब. केंड, तो फुग्यासारखा फुगणारा मासा. त्याच्या चार दातांची चोच होते आणि ती कात्रीसारखी चालते. कापही कसा, सरळ, एका दमात. नखांच्या कात्रीने मला असा कधी जमलेला नाही.

पाकीट स्कूटरच्या डिकीत होतं. कोण चालत जाणार, म्हणून ते थोटूकच पुन्हा फेकलं. वळवळ नाही, काही नाही, दगडासारखं खाली निघालं. आणि मानशीच्या सावलीत ठप्प असा आवाज झाला, रिकामं पिंप आपटावं तसा. काठी वाकली. चोणक एकदा पाण्याबाहेर आला, डोकं झाडलं, आणि गरी माझ्याकडे परत आली. थोटूक जागच्या जागी होतं.

"सुंगट लाय रे, सुंगट," काका बांधावरून म्हणाले.

रात्री पेपर अंथरला. पाकिटात सात गांडुळं उरली होती. ते थोटूक मापाला शेजारी ठेवलं आणि सातही शेपट्या तिथेच कापल्या.