भाव दोन्हीकडे एकच हवा

दुकानातल्या पाटीवरचा मिरचीचा भाव आणि वेबसाइटवरचा भाव एकच असला पाहिजे, अशी बाबांची पहिल्यापासून अट होती. लालबागच्या आमच्या मसाल्यांच्या दुकानात मार्च ते मे या हंगामात बेडगी, संकेश्वरी आणि काश्मिरी मिरचीचे भाव आवकेनुसार बदलत राहतात. त्यामुळे ही अट पाळायची, तर वेबसाइट दुकानाच्या रोजच्या कामात सामावून घ्यावी लागणार होती, आणि ती जबाबदारी माझ्याकडे आली.

सुरुवात ताब्यापासून करावी लागली. वेबसाइट बनवून देणाऱ्यांनी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच्याच नावावर घेतले होते आणि नूतनीकरणाच्या सूचनाही त्यांच्याच ईमेलवर जात होत्या. बराच पाठपुरावा केल्यावर त्यांच्याकडून हस्तांतरणाचा कोड मिळाला आणि डोमेन दुकानाच्या नावावर आले. मुदत संपून .कॉम नाव रद्द झाले, तरी ते सोडवून घेण्यासाठी ३० दिवस मिळतात. पण त्यासाठी नेहमीच्या नूतनीकरणापेक्षा बरेच जास्त शुल्क भरावे लागते, आणि तोवर वेबसाइट व त्या नावावरचे ईमेल दोन्ही बंद असतात. म्हणून दुकानाच्या परवान्यांच्या तारखा ज्या वहीत लिहिलेल्या असतात, तिच्यातच आता डोमेनची आणि होस्टिंगचीही, म्हणजे वेबसाइट ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच्या जागेचीही, तारीख असते.

वेबसाइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस आणि त्याला जोडलेले ऑनलाइन विक्रीचे वूकॉमर्स अद्ययावत करण्याचे काम त्या मानाने सरळ होते. आमचा सर्व्हर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ७.४ आवृत्तीवर चालत होता आणि त्या आवृत्तीसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबले होते. वेबसाइटची चाचणीसाठी वेगळी प्रत काढून, तिच्यावर सगळे प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेले छोटे प्रोग्राम) नव्या आवृत्तीवर चालवून पाहिले, एक खोटी ऑर्डर पैसे भरण्याच्या टप्प्यापर्यंत नेली आणि मगच खऱ्या वेबसाइटला हात लावला. बॅकअप आम्ही होस्टिंगबाहेरही ठेवतो, कारण सर्व्हरच गेला तर त्याच्यावरचा बॅकअपही त्याच्याबरोबर जातो.

खरा कस लागला तो २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी. बदाम आणि तूप यांच्यावरचा जीएसटी त्या दिवसापासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मसाल्यांवर तो आधीपासूनच ५ टक्के होता. आमच्या वेबसाइटवर किमती करासह भरलेल्या असतात. अशा वेळी वूकॉमर्समध्ये केवळ कराचा दर बदलला, तर ग्राहकाला दिसणारी किंमत तीच राहते आणि फक्त बिलातली विभागणी बदलते, म्हणजे करकपातीचा फायदा ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही. करासह १,१२० रुपयांच्या वस्तूची मूळ किंमत १,००० रुपये होते आणि नव्या दराने ती १,०५० रुपयांना द्यायला हवी. काकांनी दुकानातल्या किमतींची नवी यादी आदल्या रात्री तयार केली, तीच यादी मी जशीच्या तशी वेबसाइटवर चढवली आणि सकाळी दुकान उघडले तेव्हा दोन्हीकडचे भाव जुळलेले होते. नवरात्रीच्या गर्दीत हे साधले, याचा मला मनापासून आनंद आहे.

त्या दिवसापासून पद्धत ठरून गेली. भाव बदलण्याचा निर्णय जो घेतो, त्यानेच तो वेबसाइटवर बदलायचा. काकांना फक्त किंमत आणि साठा बदलता येईल एवढेच अधिकार असलेले वेगळे खाते मी करून दिले. रचनेला त्यांचा चुकूनही धक्का लागत नाही. साठवणीची बेडगी संपली की तिचे पान आम्ही काढून टाकत नाही, ‘सध्या उपलब्ध नाही’ एवढेच लिहितो, कारण त्या पानाचा दुवा कित्येक घरांच्या व्हॉट्सअॅप गटांत जपलेला असतो आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच दुव्यावरून गिऱ्हाईक परत येते.

किमतींइतकेच लक्ष संपर्काच्या पानाकडेही द्यावे लागते. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते; त्यासाठी दिलेला क्रमांक उचलणारा माणूस दुकानात असायला हवा. म्हणून दुकानातले कोणी काम सोडून गेले, की त्यांच्या हिशेबाबरोबरच त्यांचे वेबसाइटवरचे खाते बंद करणे आणि त्यांचा क्रमांक काढणे, हे आता माझ्याकडे असते. जूनमध्ये परळ आणि हिंदमाता भागांत पाणी साचू लागले, की घरपोच सेवेला उशीर होईल ही सूचना मुखपृष्ठावर लावायची आणि पाऊस ओसरल्यावर काढायची, हे काम काकांनी आपणहून स्वतःकडे घेतले आहे.