तिकीट माझ्या नावावर होतं, तरी मी दाराबाहेर

तिकीट जूनमध्ये काढलं होतं, कार्यक्रम ऑक्टोबरात होता. त्याआधीचे अठरा दिवस मी एका सहा आकडी कोडच्या मागे घालवले. कार्यक्रम होऊन महिना झाला, तरी तो राग गेलेला नाही. इथे न्यू जर्सीत, एडिसनला, परवा दिवाळीच्या फराळाला जमलो होतो, तेव्हा आणखी दोघींनी सांगितलं की त्यांच्यावरही अगदी हीच वेळ आली होती. एकीचा तर नाटकाचा पूर्ण प्रयोगच बुडाला. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी कार्यक्रमाबद्दल. गॉब्लिन हा इटलीचा बँड. दारिओ अर्जेंतो या दिग्दर्शकाच्या ‘प्रोफोन्दो रोस्सो’ला (१९७५) त्यांनी संगीत दिलं आणि एकदम नाव झालं. मग १९७७ साली ‘सुस्पिरिया’ हा चेटकिणींचा भयपट आला. मूळ बँड पुढे फुटला, पण कीबोर्ड वाजवणारे क्लाउदिओ सिमोनेत्ती आजही स्वतःचा संच घेऊन गावोगाव फिरतात. त्यांचा जन्म १९५२ चा, म्हणजे सत्तरी कधीच ओलांडली. कार्यक्रमात पडद्यावर पूर्ण ‘सुस्पिरिया’ चालतो आणि संगीत खाली बसून प्रत्यक्ष वाजवलं जातं. सिनेमा संपला की इतर गाजलेल्या रचना होतात.

माझं या संगीताशी नातं जुळलं ते पुण्यात, हॉस्टेलवर. मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर रात्री हेडफोन लावून ‘सुस्पिरिया’चं मुख्य संगीत ऐकत होते. आधी घंटीसारखे नाजूक स्वर, मग ग्रीक बुझुकीची तार, कुजबूज, आणि खालून एक घुमारा. मी तो तुकडा तीनदा मागे नेला. तो डग्गा होता! माझे बाबा साताऱ्यात चाळीस वर्षं भजनाला तबल्याची साथ करत आलेत, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. नंतर रेकॉर्डच्या कव्हरवरची नावं वाचली. बँडचा बासवादक फाबिओ पिन्यातेल्ली याच्या नावापुढे तबला असं स्पष्ट छापलेलं आहे. रोममधल्या चार रॉकवाल्या पोरांनी चेटकिणीची भीती घालायला तबला घ्यावा, याचं मला आजही अप्रूप आहे. त्यामुळे हा दौरा फिलाडेल्फियाला येतोय म्हटल्यावर मी दुसरा विचार केला नाही. पैसे भरले, मेल आला, सगळं दोन मिनिटांत झालं.

सप्टेंबरात फोन बदलला आणि तिथे अडकले.

तिकीट ज्या कंपनीकडून घेतलं होतं, तिचं तिकीट फक्त त्यांच्या ॲपमध्ये दिसतं. बारकोडवर एक पट्टी सारखी सरकत असते आणि कोड दर काही सेकंदांनी बदलतो, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवून उपयोग नाही. नव्या फोनवर ॲप घातलं, पासवर्ड टाकला, आत गेले. ऑर्डर दिसली, माझं नाव दिसलं, सीट नंबर दिसला. ‘तिकीट पाहा’ दाबलं की मात्र सांगायचं, तुमच्या मोबाइलवर कोड पाठवला आहे. तो कोड जात होता साताऱ्याला.

अमेरिकेत शिकायला आले त्या पहिल्याच महिन्यात मी हे खातं उघडलं होतं. इथला नंबर तेव्हा मिळालेला नव्हता, म्हणून भारतातला दिला. तेव्हापासून जुन्या फोनवर कायम लॉगिन असल्यामुळे कधी कोड मागितलाच नाही, आणि माझ्याही डोक्यातून ते गेलं. तो नंबर आपल्यापैकी बहुतेकांसारखा मीही बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवलाय. सिमकार्ड बाबांच्या फोनमध्ये दुसऱ्या खाचेत असतं.

नंबर बदलायला गेले. तर नंबर बदलण्यासाठी आधी जुन्या नंबरवर आलेला कोड टाका! मेलवर कोड मागवायची सोयच नाही. कंपनीला लिहिलं. ‘२४ ते ४८ तासांत उत्तर देऊ’ असा आपोआप येणारा मेल आला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं ते असं की नंबर बदलण्यासाठी ॲपमध्ये जाऊन ‘नंबर बदला’ निवडा. मी स्क्रीनचे फोटो जोडून पुन्हा लिहिलं. या वेळी त्यांनी ज्या कार्डाने पैसे भरले त्याचे शेवटचे चार आकडे मागितले. ते कार्ड ऑगस्टमध्ये मुदत संपून बदललं होतं, नवा नंबर वेगळा. मी नवे चार आकडे पाठवले, जुळत नाहीत म्हणून प्रकरण बंद. मग बँकेच्या जून महिन्याच्या स्टेटमेंटवरून जुने चार आकडे शोधले आणि नव्याने तक्रार नोंदवली. नव्या तक्रारीचे पुन्हा ४८ तास. चॅटवर गेले तर तिथला माणूस अतिशय गोड बोलायचा आणि शेवटी म्हणायचा, हा विभाग आमच्याकडे नाही. फोन नंबर तर कुठेच दिलेला नाही. आपण पैसे मोजलेत, आपलं नाव त्यांना दिसतंय, आणि तरी एक माणूस आपल्याशी बोलायला तयार नाही, याने माझं डोकं किती फिरलं ते शब्दांत सांगता येत नाही.

एकीकडे बाबांच्या मागे लागले. कळलं की त्या सिमचं रिचार्ज जुलैतच संपलंय. नंबर अजून रद्द झाला नव्हता हे नशीब. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याजवळच्या दुकानात जाऊन रिचार्ज करून आले. मी इथे जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे तिकडे रात्री साडेदहाला, कोड मागवायचा आणि बाबांनी फोन हातात धरून बसायचं. बँकेचे मेसेज येत होते, दुकानांच्या जाहिराती येत होत्या, हा एक काही येईना. पाचव्यांदा मागवल्यावर खातं चोवीस तासांसाठी बंद झालं. असं दोनदा झालं. कार्यक्रमाला आठ दिवस राहिले तेव्हा बाबा म्हणाले, “अगं, नेटवर्क गच्चीवर चांगलं असतं.” पुढचे तीन दिवस ते रात्री गच्चीवर जाऊन बसले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, ऑक्टोबरातल्या डासांत. मला तेव्हा त्या कंपनीचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता.

यातून सगळ्यात आधी सांगायचं ते हे: आजच्या आज तुमची सगळी तिकिटांची खाती उघडा आणि नंबर कुठला आहे ते बघा. जुन्या फोनवर लॉगिन असेपर्यंतच नंबर सुखाने बदलता येतो. फोन बदलल्यावर फार उशीर होतो. आणि मुदत संपलेलं कार्ड लगेच कापून टाकू नका.

कार्यक्रमाच्या दिवशी तरी निघाले. एडिसनहून ट्रेंटन, तिथे गाडी बदलून फिलाडेल्फिया. (परतीचं वेळापत्रक नीट पाहून ठेवा. दोन्ही गाड्या वेगवेगळ्या संस्थांच्या आहेत, एक चुकली तर दुसरी तुमच्यासाठी थांबत नाही.) सात वाजता थिएटरच्या दाराशी पोचले. रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. काळे टीशर्ट, त्यांच्यावर लाल अक्षरं. एका मुलीने सिनेमातल्या नायिकेसारखा पांढरा झगा घातला होता, एकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली जुनी रेकॉर्ड. माझ्याकडे ऑर्डरच्या मेलची छापील प्रत. दारावरच्या मुलाने ती बघितली आणि मान हलवली. त्याच्या हातातल्या मशीनला फक्त सरकणारा कोड वाचता येत होता. त्याचा दोष नव्हता.

बाजूला उभी राहून बाबांना फोन लावला. साताऱ्यात पहाटेचे पावणेपाच. पहिल्याच रिंगला उचलला. “मी जागाच आहे, तू पाठव.” पाठवला. काही नाही. मला तिथे फुटपाथवर रडू कोसळलं.

रांगेतले एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे बघत होते. बँड २०१३ साली पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर आला होता तेव्हापासून ते प्रत्येक वेळी येतात, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी काय झालं विचारलं आणि म्हणाले, “इथे कशाला उभी आहेस? बाजूच्या गल्लीत खिडकी आहे, तिथे जा.”

थिएटरची स्वतःची तिकीटखिडकी! अठरा दिवसांत मला हे सुचलं नव्हतं, कारण कंपनीच्या एकाही उत्तरात तिचा उल्लेख नव्हता. माझ्यापुढे सात माणसं होती. खिडकीतल्या बाईंनी लायसन्स घेतलं, ऑर्डर नंबर विचारला, जुन्या कार्डाचे शेवटचे चार आकडे विचारले. ते मला आता तोंडपाठ होते. टकटक केलं. आतून एक छोटं मशीन घरघरलं आणि त्यांनी जाड कागदाचं तिकीट काचेखालून पुढे सरकवलं. अजून कोमट होतं. एका कडेला फाडायची टिंबटिंब रेघ, मधे माझं नाव, आडनावाचं शेवटचं अक्षर कागदात न मावल्यामुळे गळलेलं. सगळ्याला चार मिनिटं लागली असतील.

तेव्हा दुसरी गोष्ट: अडलात तर तिकीट विकणाऱ्या कंपनीशी झगडत बसू नका, थेट थिएटरच्या खिडकीवर जा. सोबत फोटो असलेलं ओळखपत्र, ऑर्डर नंबर आणि ज्या कार्डाने पैसे भरले त्याचे आकडे. शक्य असेल तर आदल्या दिवशी थिएटरला फोन करा. तिथे माणसं असतात.

आत जाऊन बसले तेव्हा आठला पाच कमी होते. बाबांना ‘मिळालं, झोपा’ असा मेसेज केला. दिवे गेले.

पडद्याखाली अंधारात चौघं: कीबोर्ड, गिटार, बास, ड्रम. सिमोनेत्तींच्या चेहऱ्यावर फक्त कीबोर्डवरच्या छोट्या दिव्याचा उजेड. विमानतळाचं काचेचं दार उघडतं, बाहेर पाऊस, आणि दार उघडं असेपर्यंतच संगीत ऐकू येतं, दार मिटलं की बंद. हे मी घरी कितीदा बघितलं असेल, पण समोर माणसं ते वाजवतायत आणि दाराबरोबर हात थांबवतायत हे बघताना अंगावर काटा आला. सिनेमा बनत असतानाच अर्जेंतोने हे संगीत सेटवर मोठ्याने लावून नटनट्यांना घाबरवलं होतं, असं सांगतात. ते मला त्या खुर्चीत बसल्यावर पटलं. डग्ग्याचा घुमारा छातीत ऐकू येतो. मंचावर तबला मात्र कुठे दिसला नाही, तो आवाज कीबोर्डवरून येत असावा. शांत प्रसंगांत ड्रमवाला काठ्या मांडीवर ठेवून मान वर करून आपल्यासारखाच सिनेमा बघत होता, ते माझ्या फार लक्षात राहिलंय.

मध्यांतरानंतर ‘तेनेब्रे’, ‘फेनोमेना’, दिग्दर्शक रोमेरोचा ‘झोम्बी’, आणि शेवटी ‘प्रोफोन्दो रोस्सो’. सगळं थिएटर उभं होतं.

कानांसाठी फोमचे बोळे जरूर न्या, मी नेले नव्हते. पुढच्या रांगांत डावी-उजवीकडची सीट घेऊ नका, स्पीकर थेट समोर येतात. रेकॉर्ड किंवा टीशर्ट घ्यायचा असेल तर सुरू होण्याआधीच घ्या, नंतर गर्दी हटत नाही आणि तुमची गाडी जाते. मोठी बॅग दारावर अडवतात. सिनेमा आधी एकदा घरी बघून जा. संगीत एवढं मोठं असतं की संवाद निसटतात.

ट्रेंटनच्या फलाटावर फोन बघितला तर बाबांचा मेसेज. पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी कोड आला होता. त्यांनी सहाही आकडे टाइप करून पाठवले होते, खाली लिहिलं होतं, ‘लागला तर बघ.’

त्याने दुसऱ्या दिवशी काहीच होणार नव्हतं, त्याची मुदत दहा मिनिटं असते. पण कोड पोचतो एवढं कळलं. रविवारी पुन्हा तासभर दोघं बसलो, तिसऱ्या खेपेला वेळेत आला आणि मी पहिलं काम केलं ते नंबर बदलण्याचं.

मग बाबांना ते मुख्य संगीत पाठवलं. हेडफोन लावून ऐका म्हटलं. वीस मिनिटांनी फोन आला.

“डग्गा उतरलेलाच घेतलाय,” बाबा म्हणाले. “आणि मनगट दाबून घासतोय तो. शिकलेला नाही कुणाकडे.” थोडा वेळ गप्प राहिले. “पण हात कुठे ठेवायचा ते त्याला कळलंय. दुसरं कुठलं आहे का यांचं?”